‘डिअर’ म्हणजे लाडका की महाग?
एका इंग्रजी शब्दाने शिकविलेला व्यापार

व्यापारी बंधूंनो, आपल्या धंद्यात रोज पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर एकच. ‘महाग’! गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकते, माल हातात घेते, भाव विचारते आणि लगेच म्हणते, ‘महाग आहे.’ आपणही ठरलेले उत्तर देतो, ‘नाही हो, अगदी स्वस्त लावला आहे.’ या दोन वाक्यांत आपले अर्धे आयुष्य जाते. पण महाग म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आम्हाला तो करावा लागला एका इंग्रजी शब्दामुळे, आणि त्याची फी आम्ही एका ऑर्डरच्या रूपाने भरली.

गोष्ट १९९४ सालची आहे. आम्ही तेव्हा नुकतेच पेढीवर बसू लागलो होतो. माल म्हणजे सोलापुरी टॉवेल आणि चादरी. शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी जेमतेम. पत्राच्या सुरुवातीला ‘डिअर सर’ लिहितात आणि ‘डिअर’ म्हणजे प्रिय, एवढे पक्के ठाऊक होते. एके दिवशी मुंबईच्या एका दलालाबरोबर एक वयस्कर इंग्रज व्यापारी आमच्याकडे आले. टॉवेल उलटसुलट करून पाहिले, भाव विचारला आणि मान हलवीत म्हणाले, ‘दीज आर रादर डिअर.’ आमच्या कानांनी फक्त ‘डिअर’ टिपला. साहेबांना माल फार आवडला अशी समजूत करून घेऊन आम्ही मोठ्या अदबीने म्हणालो, ‘थँक यू सर, यू ऑल्सो व्हेरी डिअर.’ साहेब मनमोकळे हसले, चहा प्यायले, हात मिळविला आणि निघून गेले.

दलाल दोन दिवसांनी पुन्हा आला तेव्हा उलगडा झाला. तो म्हणाला, ‘भाईजान, साहेब माल महाग आहे म्हणत होते. तुम्ही काही तरी बोलाल, वजन दाखवाल, रंगाचे सांगाल म्हणून ते थांबले होते. तुम्ही तर नुसते हसत राहिलात.’ त्यांनी पलीकडच्या गल्लीतून दोनशे डझनांची ऑर्डर दिली होती, आणि भाव आमच्यापेक्षा डझनामागे अवघ्या दोन रुपयांनी कमी होता. अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘बेटा, गिऱ्हाईक महाग म्हणते तेव्हा तो नकार नसतो, सवाल असतो. तू सवालाचा जवाबच दिला नाहीस.’

त्या दिवसापासून या शब्दाचा पिच्छा आम्ही सोडला नाही.

एका शब्दात दोन अर्थ

इंग्रजीतला ‘डिअर’ फार जुना आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही त्याचे दोन्ही अर्थ होते, जिवाला प्यारा तो आणि किमतीने भारी तोही. जर्मन भाषेतील त्याच्या भावंडाचेही असेच आहे. फ्रेंच माणूस ‘शेर’ म्हणतो, तेव्हा त्याचाही अर्थ प्रिय आणि महाग असा दोन्ही होतो. आणि दूर कशाला जावे? हज-उमराहला जाऊन आलेल्या किंवा आखातात नोकरी केलेल्या बंधूंना अरबी ‘ग़ाली’ हा शब्द माहीत असेल. बाजारात दुकानदाराला ‘ग़ाली’ म्हटले की महाग, आणि दोस्ताला ‘या ग़ाली’ म्हटले की माझ्या प्रिय मित्रा! इंग्रज, फ्रेंच आणि अरब यांनी एकमेकांना विचारून शब्द बनविले नाहीत. तरी तिघांच्या मनात एकच गोष्ट आली. जी वस्तू सहजासहजी मिळत नाही तिची किंमत भारी असते, आणि तीच माणूस जिवापाड जपतो.

आपल्या उर्दूतील ‘अज़ीज़’ पाहा. अज़ीज़ म्हणजे प्रिय. पण मूळ अरबीत जो दुर्मीळ आहे, ज्याचा दर्जा मोठा आहे, असाही अर्थ त्यात आहे. बाजारातील महागाईसाठी उर्दूत फारसीकडून आलेला शब्द आहे ‘गिरां’. त्याचा मूळ अर्थ जड, वजनदार. जी किंमत खिशाला जड जाते ती गिरां. शाळेत आम्ही विरुद्धार्थी शब्द पाठ करीत असू, ‘अर्ज़ां’ आणि ‘गिरां’, ‘सस्ता’ आणि ‘महंगा’.

आता मराठी ‘महाग’ घ्या. हा संस्कृत ‘महार्घ’ या शब्दापासून आला. ‘अर्घ’ म्हणजे मोल, आणि ज्याचे मोल मोठे ते महार्घ. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘महर्गता’ असा शब्द असे, तो याच घरातला. आणि उर्दूचा ‘महंगा’? तोही याच महार्घापासून निघाला. म्हणजे आमच्या घरात बोलला जाणारा ‘महंगा’ आणि बाजारात बोलला जाणारा ‘महाग’ हे सख्खे भाऊ आहेत. भाषेवरून भांडणाऱ्यांनी एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

‘डिअर’पासून इंग्रजीत आणखी एक शब्द बनला, ‘डर्थ’. त्याचा अर्थ टंचाई. जे कमी पडते ते महाग होते, हा बाजाराचा कायदा त्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवला आहे. कापडवाल्यांना हा कायदा शिकवायला नको. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाचा भाव खंडीला, म्हणजे सुमारे ३५६ किलोला, एक लाख रुपयांच्या वर गेला होता. तेव्हा सुताचे भाव आठवड्याला बदलत होते. सकाळी दिलेला भाव संध्याकाळी देता येत नव्हता. ज्यांनी जुन्या भावात ऑर्डर घेतल्या होत्या, त्यांनी घरचे पैसे घालून त्या पुऱ्या केल्या किंवा तोंड लपविले.

गिरणी आणि गिरानी

‘डिअर’ हा शब्द आपल्या देशात सर्वांत जास्त कोठे वापरला गेला असेल, तर तो ‘डिअरनेस अलाउन्स’ म्हणजे महागाई भत्त्यात. उर्दूत त्याला ‘गिरानी अलाउन्स’ म्हणत. लहानपणी आमचा मोठा घोटाळा व्हायचा. गिरणीत काम करणाऱ्याला मिळतो म्हणून तो ‘गिरणी अलाउन्स’, अशीच आमची समजूत होती. ही समजूत चुकीची असली तरी अगदीच खुळी नव्हती, कारण या भत्त्याचा इतिहास कापडगिरण्यांशीच जोडलेला आहे.

पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत पगारावर वाढीव रक्कम देण्याची सुरुवात झाली. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि पुन्हा भाव भडकले. १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. पुढे हा भत्ता भावांच्या निर्देशांकाशी जोडला गेला. आज औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी २०१६ हे वर्ष १०० धरतात. हा आकडा ठरविण्यासाठी देशातील अनेक औद्योगिक शहरांतील बाजारभाव टिपले जातात, आणि आमच्या सोलापूरचे भावही त्यात टिपले जात आले आहेत. केंद्र सरकारी नोकरांचा भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. करोनाच्या काळात जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत तो गोठविला गेला, तेव्हा केवढी ओरड झाली हे सर्वांना आठवत असेल.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. ज्या सोलापूरच्या बाजारात डाळ-तेलाचे भाव टिपून सरकारी बाबूंचा भत्ता वाढतो, त्याच बाजारातून डाळ-तेल घेणाऱ्या मागवाल्याचे काय? किमान वेतनाच्या कायद्यात विशेष भत्ता आहे, तोही वर्षातून दोनदा बदलतो. पण जो घरात दोन माग टाकून बसला आहे, जो नगावर काम करतो, ज्याची बायको कांड्या भरते आणि आई शेवया गाठते, त्याच्या महागाईचा हिशोब कोण करतो? त्याचा महागाई भत्ता सरकारकडे नाही. तो आपल्याकडे आहे. आपण त्याला जो भाव देतो तोच त्याचा पगार, तोच बोनस आणि तोच महागाई भत्ता.

शब्द कसा वापरावा

परदेशी पत्रव्यवहार करणाऱ्या आपल्या मुलांसाठी थोडे वापराविषयी. माल ‘डिअर’ असतो, भाव ‘डिअर’ नसतो. भाव ‘हाय’ म्हणजे चढा असतो किंवा ‘लो’ म्हणजे उतरलेला असतो. मराठीतही चांगला बोलणारा ‘सूत महाग झाले’ किंवा ‘सुताचा भाव चढला’ असे म्हणतो, ‘भाव महाग झाला’ म्हणत नाही. अमेरिकन गिऱ्हाईक किमतीसाठी ‘डिअर’ सहसा वापरत नाही, ते ‘एक्स्पेन्सिव्ह’ म्हणते. ‘डिअर’ म्हणणारे बहुतेक ब्रिटनकडचे असते. त्याच्या बोलण्यात अशी छटा असते की वस्तू वाईट नाही, पण असायला हवी त्याहून किंमत जास्त आहे. म्हणजे बोलणीचे दार उघडे आहे.

‘एक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे ज्याला पैसे जास्त पडतात ते. घेणाऱ्याच्या ऐपतीवर ते अवलंबून असते. ‘कॉस्टली’मध्ये मात्र आणखी एक पदर आहे. ज्याची किंमत नंतर मोजावी लागते, ज्यात नुकसान होते, त्यालाही कॉस्टली म्हणतात. ‘कॉस्टली मिस्टेक’ म्हणजे महागात पडलेली चूक. आपण मराठीतही ‘महाग’ आणि ‘महागात पडणे’ यांत फरक करतोच. आणि ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणजे अवाच्या सवा. हा शब्द लॅटिनमधून आला, आणि मुळात त्याचा अर्थ गाडीचे चाक चाकोरी सोडून बाहेर जाणे असा आहे. चाकोरी सोडलेला भाव! बँकवाले ‘डिअर मनी’ म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ व्याजाचे दर चढलेले आहेत, कर्ज महाग झाले आहे.

समजा, एक टॉवेल १२० रुपयांचा आहे आणि तीन वर्षे टिकतो. दुसरा ८० रुपयांचा आहे आणि वर्षात विरतो. पहिला वर्षाला ४० रुपयांना पडला, दुसरा ८० रुपयांना. दुकानात महाग कोणता? पहिला. महागात पडला कोणता? दुसरा. हा हिशोब गिऱ्हाइकाला सांगणे हेच ‘महाग आहे’ या सवालाचे उत्तर. डझनाचे वजन काट्यावर ठेवून दाखवा. सूत एकेरी की दुहेरी ते सांगा. रंग पक्का असेल तर तांब्याभर पाण्यात बुडवून दाखवा. आणि रंग पक्का नसेल तर तसे स्पष्ट सांगून भाव कमी लावा. ‘नाही हो, स्वस्त आहे’ हे उत्तर नव्हे, ती नुसती टाळाटाळ.

चाकोरी कोणती?

भाव किती घ्यावा याला आपल्या दीनमध्ये नफ्याची एक ठराविक टक्केवारी घालून दिलेली नाही. मदीन्यात भाव चढले तेव्हा लोकांनी हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना भाव बांधून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही. भाव अल्लाहच्या हाती आहेत, आणि कोणावर जुलूम केल्याचा दावा आपल्या माथी नसताना आपल्याला अल्लाहला भेटायचे आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पण बाजार मोकळा सोडला म्हणजे व्यापारी मोकाट सोडला असे नव्हे. साठेबाजी करून भाव चढविणाऱ्याला गुन्हेगार ठरविले गेले, आणि मालाचा ऐब लपविणे हराम ठरले.

फिकहमध्ये ‘ग़बन-ए-फ़ाहिश’ असा शब्द आहे. जाणकार लोक मालाची जी किंमत करतील तिच्या फार बाहेर जाणे, असा त्याचा अर्थ. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ नावाचा दिवाणी कायदा हनफी फिकहवरून तयार झाला. त्यात याचे आकडेच दिलेले आहेत. सामानसुमानात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा आणि जमीन-घरात पाचवा. म्हणजे आपल्या कापडाला शेकडा पाच! हा शेकडा पाच नफ्याचा नव्हे, हे नीट समजून घ्यावे. जाणकारांच्या किमतीपेक्षा किती बाहेर गेले की ती लूट समजावी, त्याचे हे माप आहे. त्याबरोबर फसवणूकही असेल, तर फसलेल्याला सौदा मोडण्याचा हक्क दिलेला आहे.

उधारीचेही असेच. रोखीचा भाव एक आणि साठ दिवसांचा भाव जास्त, असा सौदा सुरुवातीलाच एका भावावर पक्का केला तर बहुतेक उलेमा तो जायज मानतात. पण ठरलेल्या दिवशी पैसे आले नाहीत म्हणून वर रक्कम चढविली, तर तो नफा राहत नाही, ते व्याज होते. आपल्या बाजारात ही रेषा किती सहज ओलांडली जाते, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

स्वस्तात घेतलेले महागात पडले

आतापर्यंत विकण्याचे बोललो. आता खरेदीचे बोलतो, कारण आमचे खरे पाप तिकडचे आहे.

वीसेक वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या दिवसांत एक मागवाले चाचा आमच्याकडे चाळीस चादरी घेऊन आले. त्यांच्या हातच्या नक्षीला तोड नव्हती. जकार्डची कार्डे ते स्वतः बसवीत. सूत, रंग आणि मजुरी धरून एक चादर त्यांना २२० रुपयांना पडली होती. ते २६० मागत होते आणि भाव अगदी वाजवी होता. पण आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि गरज ओळखली. म्हणालो, ‘चाचा, बाजार ठंडा है, दो सौ से ऊपर नहीं होता.’ बाजार थंड नव्हता. चाचा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘ईद है सेठ, बच्चों के कपड़े लेने हैं. जो देते सो देओ.’ आम्ही आठ हजार मोजून दिले. त्यांचे घरचे आठशे रुपये गेले. आमचे चोवीसशे वाचले. त्या ईदला आम्ही स्वतःला मोठे हुशार समजत होतो.

पुढच्या वर्षी चाचांनी माग भंगारात विकला. मुलगा रिक्षा चालवू लागला. त्यानंतर सहा महिन्यांनी हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने नेमक्या त्याच नक्षीच्या तीनशे चादरी मागितल्या. आम्ही गावभर फिरलो. तसा हात मिळाला नाही. ऑर्डर गेली, आणि तो व्यापारी पुन्हा आमच्याकडे आला नाही. चोवीसशे रुपये वाचवायला आम्ही एक कारागीर, एक नक्षी आणि एक गिऱ्हाईक घालविले होते. चाचांकडे माफी मागायला गेलो, तर त्यांनी चहा पाजला आणि त्या चादरींचा विषयसुद्धा काढला नाही. त्यामुळे ओझे अधिकच वाढले.

इमाम अबू हनीफा रहमतुल्लाह अलैह कूफ्यात रेशमी कापडाचा व्यापार करीत. त्यांच्याबद्दल सांगतात की एक बाई कपडा विकायला घेऊन आली आणि तिने शंभर मागितले. इमाम म्हणाले, याची किंमत जास्त आहे. तिने शंभर वाढविले, तरी ते म्हणाले, जास्त आहे. असे करीत ती चारशेवर आली. तरीही ते जास्तच आहे म्हणाले, तेव्हा तिला वाटले आपली थट्टा चालली आहे. इमामांनी किंमत करायला दुसरा माणूस बोलाविला आणि तो कपडा पाचशेला गेला. विकणाऱ्याला आपल्या मालाचे मोल कळत नसेल किंवा गरजेपोटी सांगता येत नसेल, तर ते त्याला सांगणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. ज्यांच्या फिकहवर आपल्यातील बहुतेक जण चालतात, ते इमाम कापडाचे व्यापारी होते, हे आपण नमाजेत विसरत नाही, पण दुकानात विसरतो.

म्हणून बंधूंनो, आमचे सांगणे थोडके आहे. गिऱ्हाईक ‘महाग’ म्हणाले तर हसून सोडू नका. वजन, सूत आणि रंग दाखवून उत्तर द्या, आणि उत्तर नसेल तर भाव उतरवा. मागवाला ‘जो देते सो देओ’ म्हणाला तर त्याच्या पडत्या किमतीचा हिशोब तुम्हीच मांडा आणि वर त्याची मजुरी ठेवा. सुताचा भाव चढेल तेव्हा त्याचा नगाचा दरही आपणहून चढवा, त्याला तोंड उघडायला लावू नका. बरकत त्यातच आहे.

आजही आम्ही पत्राच्या सुरुवातीला ‘डिअर सर’ लिहितो. दरवेळी ते इंग्रज साहेब आठवतात आणि हसू येते. मागोमाग ते चाचा आठवतात, आणि हसू थांबते.